एका माणसापुरते यंत्र

माझा धाकटा भाऊ सांबशिव याची वाचा जाणार, हे डॉक्टरांनी वैशाखातच स्पष्ट सांगितले होते. आजार मज्जातंतूंचा. काहींच्या बाबतीत तो हातापायांपासून सुरू होतो, याच्या बाबतीत जिभेपासून झाला. आधी बोलणे, मग गिळणे, मग हात आणि शेवटी श्वास, असा त्याचा क्रम असतो आणि त्यावर औषध नाही. डॉक्टर वयाने माझ्या मुलाएवढे, परंतु माणूस सरळ. त्यांनी माझ्याकडे न पाहता सांबाकडे पाहिले आणि तामिळमध्ये म्हणाले, "सर, पुढे एक दिवस मी तुम्हाला विचारणार आहे, की गळ्याला छिद्र पाडून श्वासाची नळी बसवायची की नाही. नळी बसवली तर यंत्रावर पुष्कळ काळ राहता येते. ती पुन्हा काढणे मात्र अवघड. त्याचे उत्तर तुमचे तुम्ही द्यायचे आहे."

"नळी बसवायचीच आहे," मी म्हणाले.

"अम्मा, मी सरांना विचारले."

सांबा हसला. त्याची जीभ तेव्हाच जड झाली होती, तोंडात गरम पोंगलचा घास धरून बोलावे तसे शब्द येत. "डॉक्टर, आमच्या अक्काचे उत्तर प्रश्नाच्या आधी तयार असते. मजला आज विचारलेत तर मी हो म्हणेन. त्या दिवशीचे त्या दिवशी सांगेन."

"त्या दिवशी तुम्हाला बोलता येणार नाही, सर. म्हणून सांगण्याची काही सोय आतापासून करून ठेवा."

ती सोय म्हणजे हे यंत्र. सांबाला आपला निर्णय आपल्या तोंडाने सांगता यावा, एवढ्यासाठी ते हवे होते. पुढे जे झाले ते वाचताना हे कोणी विसरू नये, कारण आमच्या घरातले सगळे मधल्या काळात ते विसरले.

आम्ही तंजावूरचे मराठी. पिढ्यान्पिढ्या येथेच आहोत. घरात मराठी बोलतो, बाजारात तामिळ, मुले आपसात इंग्रजी. देवनागरी वाचणारी या घरात मी शेवटची. बाकीचे मराठी लिहितात तेही तामिळ अक्षरांत. सांबा ओरत्तनाडूच्या शाळेत गणित शिकवीत असे. बसच्या मागच्या बाकावर बसून पुढच्या कंडक्टरशी वाद घालण्याइतका त्याचा आवाज मोठा होता. पत्नी गेल्यापासून तो मेडिकल कॉलेज रोडवरच्या माझ्या फ्लॅटमध्ये राहत असे. त्याची मुलगी साईप्रिया चेन्नईच्या एका कंपनीत सॉफ्टवेअरचे काम करते. बाप आजारी पडल्यावर ती लॅपटॉप घेऊन येथेच राहायला आली. माझा मुलगा रघुराम याची तंजावुरातच छोटी कंपनी आहे, ती दुकानांना आणि कॉलेजांना ॲप्स करून देते. घरात या विषयातली दोन माणसे असताना बाहेर जाण्याचा प्रश्न नव्हता.

कल्पना सोपी होती. सांबाच्या आवाजात रोजची वाक्ये ध्वनिमुद्रित करायची. पडद्यावर चौकोन मांडायचे. चौकोनाला बोट लावले की त्याचाच आवाज ते वाक्य बोलेल. हे कशाने बांधायचे, यावर मात्र पहिल्याच दुपारी जेवणाच्या टेबलावर वाद सुरू झाला.

"साधन एकच घ्यायचे," रघुराम म्हणाला. "त्यात ॲप एकदा लिहिले की अँड्रॉइडवर चालते, आयफोनवर चालते, आणि त्याच लेखनातून ब्राउझरमधलेही निघते. लिंक पाठवली की कोणाच्याही फोनवर उघडते. काही बसवून घ्यायला नको."

"ब्राउझरमधले निघते, ते ठावे आहे," साईप्रिया म्हणाली. "चालते का, ते सांग."

"चालते."

"तुझ्या ऑफिसच्या वायफायवर."

"तू ते कधी वापरले आहेस तरी का?"

"वापरले आहे म्हणूनच बोलते आहे, रघू अण्णा. मला टॅब्लेट आणि फोनबद्दल काहीच म्हणायचे नाही. फक्त ब्राउझरसाठी ते घेऊ नको."

मी दोघांना थांबवले आणि माझ्या समजुतीत येईल असे सांगायला लावले. साईप्रियाने ताकाचे भांडे बाजूला सारले.

"आत्या, साधे वेबपान म्हणजे मजकूर. ब्राउझरला अक्षरे ओळखीची असतात, तो ती लगेच मांडतो. हे साधन ब्राउझरला काही मांडू देत नाही. ते स्वतःचा चितारी घेऊन येते, त्याचे रंग, त्याचे कुंचले, अक्षरांचे साचेसुद्धा. मग सगळे पान चित्रासारखे रंगवते. सामान उतरेपर्यंत पडदा पांढरा राहतो. फोन जुना असेल, नेट मंद असेल, तर पांढराच."

"सरि, कळले," सांबा म्हणाला. त्याला प्रत्येक अक्षर ढकलावे लागत होते, तरी टोमणा सोडवत नव्हता. "एका टंबलर कॉफीसाठी लग्नाचा आचारी बोलावला. तो हंडे, कढया, झारे उतरवतो आहे. कॉफी येईतो वऱ्हाड घरी गेले."

"पण मामा, आचारी आला की शंभर जणांचे जेवण होते," रघुराम म्हणाला. "तुम्ही एकटेच असे आहात का? डॉक्टरांकडे या जिल्ह्यातले किती आहेत ते विचारा. खेड्यापाड्यांत, प्रत्येकाच्या घरी वेगळा फोन. कोणी त्यांच्यासाठी वेगळे बांधणार आहे? ब्राउझरमधले असले तर आज लिंक पाठवली, आज बोलायला लागले."

त्याचे म्हणणे चुकीचे नव्हते. माझ्या मुलाला परक्यांची काळजी वाटते, हे मला कमीपणाचे वाटत नाही.

"शंभर जणांचे होऊ दे रे," सांबा म्हणाला. "मजला आधी वाढ."

सगळे हसले आणि विषय तेथेच राहिला. ध्वनिमुद्रणही राहिले, कारण आवाज कसा साठवायचा, वाक्यांचे तुकडे किती करायचे, हे साधन ठरल्यावर ठरेल, असे रघुरामचे मत पडले. "मामांना थकवा येतो. दोनदा करायला लावू नका," असे तो म्हणाला आणि साईप्रियालाही ते पटले. मग दोघे आपापल्या खोलीत बसून नमुने करू लागले. तो ब्राउझरमधला करी, ती त्यातले दोष काढी. तो दोष सुधारी, ती नवे काढी. जेवताना त्यांचे बोलणे ऐकावे तर पहिले चित्र उमटायला लागणारा वेळ, बोट लागल्याशिवाय ब्राउझर आवाज सोडत नाही ही अडचण, आणि अक्षरांचे साचे. सांबाचे नाव त्यात क्वचित येई.

शेवटी दोघे माझ्याकडे आले. आमच्या घरात मोठ्यांच्या शब्दाशिवाय नवे काम आरंभीत नाहीत, आणि मोठ्यांनी शब्द दिल्यावर कोणी त्यावर बोलत नाही. ती रीत माझ्या आधीची आहे. मी पंचांग पाहिले. आषाढ लागला होता. आषाढात आम्ही काही नवे सुरू करीत नाही. आषाढ सरण्यापूर्वी तामिळांचा आडी महिना लागतो, त्यातही नाही. महाराष्ट्रातल्या घराला एक महिना टाळून भागते, तामिळ घराला एक. आम्ही दोन्हीकडचे असल्यामुळे आम्हाला दोन्ही पाळावे लागतात, आणि ते एकापाठोपाठ येतात.

"आडी संपल्यावर आवाज घ्यायला बसा," मी सांगितले. "तोवर साधनाचे ठरवून टाका."

साईप्रियाने बापाकडे पाहिले. तिला काही म्हणायचे असावे, परंतु मी बोलले होते.

सांबा खुर्चीत रेलून होता. "अक्काच्या पंचांगात दोन आषाढ," तो म्हणाला, "आणि माझ्या जिभेजवळ पंचांगच नाही." लहानपणापासून माझ्या शब्दानंतर तो थट्टा करी, विरोध करीत नसे.

आडी संपला. श्रावणातल्या चांगल्या दिवशी, सकाळच्या वेळी, साईप्रियाने त्याच्यापुढे मायक्रोफोन ठेवला. पंखा बंद केला, खिडक्या लावल्या. पहिले वाक्य साधे होते, 'पाणी दे'. सांबाने श्वास घेतला. ओठ एकमेकांना लागले नाहीत, त्यामुळे प उमटला नाही. जीभ वर गेली नाही, त्यामुळे ण आणि द नव्हते. राहिले ते दोन लांब स्वर, जनावराच्या हंबरण्यासारखे. त्याने पुन्हा प्रयत्न केला. साईप्रिया "आणखी एकदा, अप्पा" म्हणाली. तेव्हा त्याला हसू फुटले, आणि ते थांबेना. डोळ्यांतून पाणी वाहत होते, तोंड वासलेले, आणि घशातून हसण्याचा आवाज. हे हसू या आजाराचे असते, त्यात माणसाचा हात नसतो, असे डॉक्टरांनी नंतर सांगितले. साईप्रियाने मायक्रोफोन बंद केला आणि त्याचे तोंड पुसले.

जुने आवाज शोधले. त्याला फोनवर बोलून ठेवलेले संदेश पाठवणे आवडत नसे. माणसाशी बोलायचे तर माणूस पलीकडे हवा, असे त्याचे म्हणणे होते. लग्नांच्या चित्रफितींत तो होता, पण मागे नादस्वरम वाजत होते. त्यांतून एक वाक्य नीट निघाले, 'जेवलीस का गे?' रघुरामने या तुटपुंज्या सामानातून कृत्रिम आवाज करवून घेतला. तो तामिळ बरे बोलला. मराठी मात्र बातम्या वाचल्यासारखे बोलला. "मला तहान लागली आहे, कृपया पाणी द्यावे," असे तो सांबाच्या गळ्यातून म्हणाला. सांबाने डोळे मिटून घेतले. नको असेल तर डोळे मिटायचे, हवे असेल तर वर पाहायचे, असे तोवर ठरले होते.

"मामा, मी सुधारतो," रघुराम म्हणाला. डोळे मिटलेलेच राहिले.

साधनाचा प्रश्न कोणी सोडवला नाही. तो आपोआप सुटला. रघुरामचे ब्राउझरमधले काम पुढे गेले होते, साईप्रियाचे नव्हतेच, म्हणून सांबाच्या पलंगाला लोखंडी दांड्याने बांधलेल्या टॅब्लेटवर ब्राउझर उघडला गेला. मी उभी होते. पडदा बराच वेळ पांढरा राहिला. मग चौकोन आले, परंतु अक्षरांच्या जागी ओळीने रिकाम्या पेट्या.

"हे काय?"

"थांब, आई. तामिळ अक्षरांचे साचे नेटवरून येतात. आता दिसतील."

अक्षरे आली. यंत्रातल्या एका परक्या बाईच्या तामिळ आवाजात चौकोन बोलू लागले. सांबाच्या उजव्या हाताचे एक बोट अजून चालत होते. त्याने 'उशी', 'पंखा', 'घसा साफ करा' हे चौकोन लावून पाहिले. रघुरामने ती लिंक डॉक्टरांमार्फत आणखी काही घरांना पाठवली. ओरत्तनाडूजवळच्या खेड्यातल्या एका घरी एक बाई तेच वापरू लागल्या आणि त्यांच्या मुलाने फोन करून रघुरामचे आभार मानले. त्या संध्याकाळी माझा मुलगा बऱ्याच दिवसांनी पोटभर जेवला.

"नेट नसेल तर?" साईप्रियाने विचारले.

"ते पुढच्या आठवड्यात करतो."

त्याच आठवड्यात दुरुस्तीसाठी सकाळपासून वीज बंद राहणार होती. आधी कळवलेले होते, त्यात कोणाचा दोष नाही. साईप्रिया औषधे आणायला गेली होती. मी देवघरात होते. वीज नसल्यामुळे घरातले वायफाय बंद होते, आणि टॅब्लेटने आपली स्मृती मोकळी करण्यासाठी ते पान मागच्या मागे टाकून दिले होते. असे ते करतात, हे मला नंतर समजावून सांगितले गेले. सांबाच्या घशात लाळ अडकली. त्याने पडद्याला बोट लावले. पान पहिल्यापासून उघडू लागले. उघडण्यासाठी लागणारे सामान नेटवर होते आणि नेट नव्हते. पडदा पांढरा. तो त्या पांढऱ्या पडद्याला बोट लावीत राहिला. हात उचलून पलंगावर आपटण्याइतके बळ त्याच्यात नव्हते, आणि बोटाने काचेला स्पर्श केल्याचा आवाज शेजारच्या खोलीत येत नाही.

साईप्रिया दार उघडून आत आली तेव्हा त्याचे ओठ निळे होते. तिने त्याला कुशीवर वळवले, बोटाने घसा मोकळा केला, पायाने चालणारा पंप लावला. मी दारात आले तेव्हा तो श्वास घेऊ लागला होता. त्याचे बोट अजून हलत होते.

हॉस्पिटलात त्याच्या तोंडावर श्वासाचा मुखवटा बसवला. डॉक्टर म्हणाले, छातीचे स्नायू थकले आहेत, आता तो दिवस आला. त्यांनी पलंगाजवळ वाकून प्रश्न विचारला. सांबाने डोळे मिटले. पुन्हा विचारले. थोड्या वेळाने पुन्हा मिटले.

"मी त्यांचे उत्तर नको असे समजतो," डॉक्टर म्हणाले.

"तुम्ही समजता. त्याने सांगितलेले नाही," मी म्हणाले. "थकलेला माणूस डोळे मिटतोच. पापण्यांवर मी माझ्या भावाचा प्राण सोडणार नाही. तुम्ही नळीची तयारी करा."

डॉक्टरांनी साईप्रियाकडे पाहिले. ती भिंतीला टेकून उभी होती. "थोडे दिवस मुखवट्यावर काढता येतील का?" तिने विचारले. ते म्हणाले, थोडे काढता येतील.

हॉस्पिटलच्या बाहेर, जेथे नातेवाइकांसाठी बाके आहेत, तेथे आम्ही तिघे बसलो. मी रघुरामला सांगितले, "ब्राउझर नको. आजपासून सांबासाठी ते बंद. नेट असो वा नसो, वीज असो वा नसो, त्या टॅब्लेटवर चालेल असे कर."

"आई, त्याच लेखनातून टॅब्लेटचे निघते. सगळे आत बसते, साचे, आवाज, सगळे. एका दुपारचे काम आहे."

"एका दुपारचे? मग इतके दिवस काय करीत होतास?"

"इतके दिवस सगळ्यांसाठी करीत होतो."

साईप्रिया हसली, ते हसणे चांगले नव्हते. रघुरामचा चेहरा उतरला. मग तो माझ्याकडे वळला. माझ्याशी तो त्या स्वरात कधी बोलला नव्हता.

"मामांचा आवाज माझ्या ब्राउझरने नाही नेला, आई. तो तुझ्या दोन आषाढांत गेला."

"दोघांनी मिळून घालवला," साईप्रिया म्हणाली. "आणि मी ऐकून घेतले. आता भांडू नका, अप्पांना वेळ नाही."

भांडण्याने टॅब्लेटचे काम लवकर होणार नव्हते. रघुरामने विचारले, ओरत्तनाडूच्या त्या बाईंचे काय करू, त्यांच्या घरी टॅब्लेट नाही, मुलाचा जुना आयफोन आहे, त्यावर ॲप बसवायला आयफोनच्या कंपनीची मंजुरी लागेल, लिंक बंद केली तर त्या मुक्या होतील.

"त्यांचे चालू ठेव," मी सांगितले. "पण वीज गेली, नेट गेले, तर पडदा पांढरा होतो, हे त्यांच्या मुलाला आत्ता फोन करून सांग. आईजवळ एक घंटा ठेव म्हणावे, आणि त्यांना एकटे सोडू नका म्हणावे. नुसते कळव असे नाही. माझ्यादेखत बोल."

त्याने तेथेच उभे राहून फोन केला. पलीकडच्या मुलाला राग आला असावा, कारण रघुराम बराच वेळ नुसते "सरि, सरि" म्हणत राहिला.

दुसऱ्या दिवशी टॅब्लेटचे काम झाले. आता सांबाचे बोट पडद्यावर पोहोचत नव्हते, म्हणून साईप्रियाने त्याच्या गालाखाली मऊ बटण ठेवले. पडद्यावर तामिळ अक्षरे एकामागून एक उजळत. हवे ते अक्षर उजळले की गाल दाबायचा. तसे अक्षराला अक्षर जोडून वाक्य करायचे. प्रत्येक शब्दाला फार वेळ लागे, मुखवट्याखाली त्याला घाम येई. परंतु नेट नव्हते तरी चालले. साईप्रियाने विमानातल्यासारखे सगळे बंद करून दोनदा पाहिले.

"आवाज कोणाचा घालू, अप्पा?" तिने विचारले. "कृत्रिम?"

डोळे मिटले.

"माझा? रघू अण्णाचा?"

डोळे मिटलेले. मग गाल हलला. अ. क. का. त्याने तेथे थांबून वर पाहिले, माझ्याकडे.

"माझा आवाज म्हाताऱ्या बाईचा आहे," मी म्हणाले. "लोक हसतील तुला."

त्याने वर पाहिले. म्हणजे हसू देत. घरची मराठी, त्याच्या चालीची, त्याच्याएवढी जुनी, आता माझ्याच तोंडात उरली होती. हे त्याला माझ्या आधी कळले.

त्यानंतर तो वाक्य जुळवी, साईप्रिया मायक्रोफोन धरी, मी ते वाक्य म्हणे आणि ते चौकोनात जाऊन बसे. पहिले वाक्य, 'उशी वर कर गे.' दुसरे, 'मुखवटा नाकाला टोचतो.' तिसरे रघुरामसाठी होते, 'दाढी कर, सावकारासारखा दिसतोस.' ते म्हणताना मी थांबले, कारण असले बोलणे मी कधी करीत नाही. सांबाने बटण दाबले आणि माझ्या आवाजाने माझ्या मुलाची थट्टा केली. रघुराम हसला आणि खिडकीकडे जाऊन उभा राहिला.

चौथ्या वाक्याला सकाळ गेली. मधे त्याला झोप लागली, जागा झाल्यावर त्याने तेथूनच पुढे धरले. मी पलंगाच्या पायथ्याशी बसले होते, मला पडदा दिसत नव्हता. साईप्रियाला दिसत होता. तिने वाक्य पूर्ण होऊ दिले. मग टॅब्लेट माझ्याकडे वळवला.

तामिळ अक्षरांत, आमच्या मराठीत लिहिले होते, 'अक्का, नळी नको. मजला जाऊ दे.'

मी ते वाचले. पुन्हा वाचले. मुखवट्यातून हवेचा आवाज येत होता.

"हे डॉक्टरांना कळणार नाही," मी म्हणाले. "त्यांना तामिळमध्ये लिहून दे म्हणावे."

"हे डॉक्टरांसाठी नाही, आत्या," साईप्रिया म्हणाली.

सांबा माझ्याकडे पाहत होता. डोळे उघडे होते, पापणीही लवली नाही. तो माझ्यापेक्षा लहान आहे आणि आयुष्यात त्याने माझे एकही सांगणे मोडले नव्हते. मी म्हणाले, "सांबा, यंत्रावर लोक जगतात. मी आहे. मी बसेन जवळ." त्याने वर पाहिले, म्हणजे ऐकले. मग गाल हलला. त्याने नवे काही लिहिले नाही. त्याच वाक्याच्या शेवटी थांबून तो वाट पाहू लागला.

"तुम्हाला जमणार नसेल तर मी म्हणते," साईप्रिया हळू म्हणाली.

"त्याने मला सांगितले आहे."

पंखा बंद केला. रघुरामने दार लावले. मी पदर सारखा केला, पाठ सरळ केली आणि ते वाक्य म्हटले, त्याच्या चालीने, जसे तो म्हणाला असता तसे. एकदाच म्हटले. साईप्रियाने ऐकून पाहिले आणि मान हलवली. पुन्हा म्हणावे लागले नाही.

दुपारी डॉक्टर आले. त्यांच्याबरोबर एक नर्स होती, तिच्या हातात नळीच्या तयारीचे कागद होते, माझ्याच सांगण्यावरून आणलेले. डॉक्टरांनी सांबाला पुन्हा तोच प्रश्न विचारला. चौकोन उजळत गेले, उशीचा, मुखवट्याचा, दाढीचा. चौथ्यावर गाल दाबला गेला आणि खोलीत माझा आवाज आला.

डॉक्टरांनी टॅब्लेटकडे पाहिले, मग माझ्या मिटलेल्या तोंडाकडे.

"अम्मा, हे कोण बोलले?"

"सांबशिव," मी म्हणाले, आणि त्याचा अर्थ त्यांना तामिळमध्ये सांगितला.